दारातले ऊन

पस्तीस वर्षे शाळेत घालविल्यामुळे घड्याळाशी माझे नाते फार जवळचे झाले आहे. घंटेच्या ठोक्याबरोबर प्रार्थना, ठोक्याबरोबर तास, ठोक्याबरोबर सुट्टी, अशी आयुष्याची घडीच बसून गेली. मनगटावरचे किल्लीचे घड्याळ रोज सकाळी आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि मगच शाळेची वाट धरावी, हा माझा नेम. माझे घड्याळ कधी मागे पडले नाही, याचा मला अभिमान होता. आणि खरे सांगायचे तर, उशिरा येणाऱ्या मुलांविषयी माझ्या मनात फारशी दयामाया नव्हती. असा हा मी एका मंगल दिवशी, भर समारंभाला, तब्बल एक तास उशिरा जाऊन पोहोचलो! त्या दिवसाची ही हकीकत.

२०२५ च्या मार्च महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे लंडनला गेलो होतो. त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला होता. आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी पाडव्याचा छोटासा समारंभ योजिला होता. सकाळी दहाला सुरुवात व्हायची होती आणि माझी नऊ वर्षांची नात अगदी प्रारंभीच एक मराठी कविता म्हणणार होती. परदेशात वाढणाऱ्या त्या मुलीने ती कविता पंधरा दिवस घोकून पाठ केली होती. ‘ळ’चा उच्चार साधावा म्हणून तिने केलेले कष्ट मी स्वतः पाहिले होते. “आजोबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं हं! तुमच्याकडे बघितलं की मी चुकत नाही,” असे तिने मला चारचारदा बजावले होते.

शनिवारी रात्री मी पुस्तक वाचीत बसलो असताना मुलगी म्हणाली, “बाबा, आज रात्री घड्याळं एक तास पुढं जाणार बरं का!” मी पानावरची नजर न काढता “हं” म्हटले. पुढे जाणार म्हणजे ती आपोआप जात असतील, असे काहीसे मनात आले आणि विरून गेले. भ्रमणध्वनीची घड्याळे खरोखरच आपोआप पुढे जातात. पण माझ्या किल्लीच्या घड्याळाला इंग्लंडचा कायदा ठाऊक असण्याचे कारण नव्हते!

पहाटे उठून आम्ही घरामागच्या अंगणात बागेतल्या बांबूची गुढी उभारली. खण, साखरेची गाठी, उपडा तांब्या, सारे यथासांग झाले. सूर्य वर आला तेव्हा माझ्या घड्याळात पावणेसहा होत होते. आदल्या दिवशीही तो जवळजवळ त्याच वेळी उगवला होता. त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. थोड्या वेळाने घरची मंडळी तयारीसाठी पुढे गेली. ‘ही फार लवकर निघाली,’ एवढेच मला वाटले. सभागृह दहा मिनिटांच्या वाटेवर होते. मी सावकाश आवरले आणि बरोबर पावणेदहाला घर सोडले.

सभागृहाचे दार लोटून आत पाऊल टाकले तो लेझीम रंगात आले होते. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर माझी शाल ठेवलेली होती. शेजारी माझी नात बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, शाल उचलली आणि मला जागा करून दिली. कविता केव्हाच म्हणून झाली होती. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच मिनिटे कमी होती.

मला कोणी बोलले नाही. उलट जवळच्या दोघा गृहस्थांनी, “पहिल्या वर्षी आमचंही असंच झालं होतं,” असे सांगून माझे सांत्वनच केले. रात्री झोपताना नातीने मला विचारले, “आजोबा, तुमच्या शाळेत कुणी उशिरा आलं तर तुम्ही काय करायचात?” तिच्या स्वरात राग नव्हता, तिला केवळ जाणून घ्यायचे होते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनात सलत राहिला.

मला एक तास उशीर करणारी ही व्यवस्था आहे तरी काय, याचा मी दुसऱ्या दिवसापासून शोध घेऊ लागलो.

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. त्या कलण्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हिवाळ्याचा दिवस लहान होत जातो. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. तेथील मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो, तर डिसेंबरातला लहान दिवस आठ तासही भरत नाही. घड्याळ जसेच्या तसे ठेवले तर जूनमध्ये लंडनला सूर्य पहाटे पावणेचारच्या आधीच उगवेल. त्या वेळी सारे शहर पडदे ओढून झोपलेले असते. म्हणजे पहाटेचा तो उजेड वायाच जायचा.

नेमकी हीच गोष्ट विल्यम विलेट नावाच्या एका गृहस्थाच्या मनाला लागली. विलेट हा घरे बांधणारा व्यावसायिक होता. उन्हाळ्यात सकाळी घोड्यावरून रपेट करताना त्याला घरोघरच्या खिडक्या बंद दिसत. बाहेर लख्ख ऊन आणि आत माणसे निजलेली! उलट संध्याकाळी कामावरून सुटून लोक मोकळ्या हवेत यावेत, तो अंधार पडू लागे. १९०७ साली त्याने ‘उजेडाचा अपव्यय’ अशा अर्थाची एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे घड्याळ पुढे करावे आणि सप्टेंबरात तसेच मागे आणावे, अशी त्याची सूचना होती. १९०८ साली पार्लमेंटात तसे विधेयकही आले. पण लोक हसले. शेतकरी म्हणाले, आमची गुरे आणि गवतावरचे दव तुमचे घड्याळ पाहून चालत नाहीत. विलेट वर्षानुवर्षे खटपट करीत राहिला आणि १९१५ साली निवर्तला. पुढच्याच वर्षी, पहिले महायुद्ध चालू असता, कोळसा वाचविण्यासाठी जर्मनीने घड्याळे एक तास पुढे केली आणि मे १९१६ मध्ये इंग्लंडनेही तोच मार्ग धरला. जे डोळे हे पाहण्यासाठी तळमळले, ते मिटून जेमतेम एक वर्ष झाले होते.

आता तेथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. यामुळे उजेड वाढतो, असे मात्र नाही. पाटाचे पाणी एका वाफ्याकडून वळवून दुसऱ्या वाफ्यात सोडावे, तसा हा प्रकार आहे. पाणी तेवढेच, पण पहाटेच्या वाफ्यातले संध्याकाळच्या वाफ्यात येते. आणि असे पाणी वळविताना कोणाचा तरी वाफा कोरडा राहतो, हेही खरे. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही पुढचीच वेळ चालू ठेवून पाहिली. तेव्हा उत्तरेकडे, स्कॉटलंडमध्ये, सकाळी शाळेला निघालेल्या मुलांना मिट्ट अंधारातून जावे लागे. मोटारवाल्यांना दिसावे म्हणून मुले दंडावर चकाकणाऱ्या पट्ट्या बांधीत. अखेर पार्लमेंटाने तो प्रयोग थांबविला.

वेळेची ही उलाढाल आपल्याकडेही घडली आहे. १९०६ साली सबंध देशासाठी एकच प्रमाणवेळ आली; तरी मुंबईत तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत काही ठिकाणी पाळला जात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ पर्यंत, हिंदुस्थानातील घड्याळेही एक तास पुढे होती. त्या दिवसांत कोणी वेळ सांगितली की, “जुन्या टायमानं की नव्या?” असा प्रश्न हटकून येई, असे माझे वडील सांगत. त्याही पूर्वी आपल्या पूर्वजांचा दिवस सूर्योदयापासून सुरू होई. घटिकापात्र पाण्यात सोडीत आणि उगवतीपासून साठ घटिका मोजीत. सूर्य लवकर उगवला की त्यांचा दिवसही लवकर सुरू होई आणि उशिरा उगवला की उशिरा.

एप्रिल सरला, मे उजाडला आणि विलेटने मागितलेल्या त्या संध्याकाळी माझ्या वाट्याला येऊ लागल्या. तुमच्या-आमच्या संध्याकाळीला फारसा अवधी नसतो. सूर्य डोंगराआड जातो, गुरे घरी येतात, दिवेलागण होते आणि हां हां म्हणता काळोख पडतो. तेथे मात्र सात वाजता ऊन, आठ वाजता ऊन! कचेऱ्या सुटलेले लोक मुलांना घेऊन बागेत येत. कोणी चेंडूफळी खेळे, कोणी फुलझाडांना पाणी घाली, वृद्ध जोडपी बाकांवर बसून राहत. दिवसभर कारखान्यात वा दुकानात राबलेल्या माणसालाही, हा घे तुझा उरलेला दिवस, असे म्हणून कोणी सोनेरी उजेड हातात ठेवावा, तसे वाटे.

घरात मात्र एक पेच पडला. नातीच्या आजीचा सांजवातीचा नेम कधी चुकलेला नाही. नातीने शेजारी बसून शुभंकरोति म्हणावे, ही तिची हौस. पण सूर्य मावळायचा नऊनंतर आणि नात झोपायची आठला! “अहो, उन्हं अंगणात असताना दिवा कसा लावायचा?” असे ती मला विचारी. दोनतीन दिवस ती नऊपर्यंत थांबली. तोवर नात झोपी जाई आणि आजी एकटीच हात जोडी. चौथ्या दिवशी तिने आपणच निर्णय दिला. “पोर हातपाय धुऊन आली की दिवा लावायचा. देव काही घड्याळ बघत नाही.” त्या दिवसापासून साडेसातच्या उन्हात आमच्या घरी सांजवात तेवू लागली. मी हसलो, पण मनोमन म्हटले, पस्तीस वर्षांत मला जे सुचले नाही ते हिला चार दिवसांत सुचले.

जूनमधल्या एका रविवारी मी नातीला घेऊन पेट्स वूड येथील वनात गेलो. विलेट ज्या भागात रपेट करीत असे, त्याच भागातले हे वन. झाडांमधल्या मोकळ्या जागेत एक दगडी स्तंभ उभा आहे आणि त्याच्यावर सूर्यघटिका बसविलेली आहे. १९२७ साली उभारलेले हे विलेटचे स्मारक. इतर सूर्यघटिकांत सूर्य माथ्यावर आला की बाराच्या आकड्यावर सावली पडते. या घटिकेवरचे आकडे मात्र एक तास सरकवून कोरलेले आहेत. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा सावली एकवर असते. तिच्यावर लॅटिन भाषेत, ‘मी फक्त उन्हाळ्याचे तास मोजते,’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मी माझे घड्याळ सावलीशी ताडून पाहिले. दोन्हींचे जुळले. नातीला मोठी मौज वाटली. ती म्हणाली, “आजोबा, म्हणजे आपण उन्हावरून पण वेळेवर येऊ शकतो!”

त्या शब्दांसरशी माझ्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच्या कुशीतली एक वाडी उभी राहिली. आम्ही तेथल्या एका पडलेल्या खोडावर बसलो आणि पाडव्याच्या रात्री टाळलेले उत्तर मी तिला त्या दुपारी दिले.

१९८९ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी आठवीचा वर्गशिक्षक होतो. दोन कोसांवरच्या वाडीतून एक मुलगा शाळेला येत असे. गणितात हुशार, बोलण्यात अबोल. शाळा अकराला भरे. दसऱ्यापर्यंत तो अगदी वेळेवर येई. पण मार्गशीर्ष लागला की त्याला रोज उशीर होऊ लागे. कधी दहा मिनिटे, कधी वीस. ‘थंडीत आळस चढतो,’ असा निष्कर्ष मी काढला आणि त्याला पहिला तासभर वर्गाबाहेर उभे करू लागलो. पहिला तास गणिताचाच असे. तो काही बोलत नसे. खिडकीतून फळ्याकडे पाहत उभा राही. पौषात एके दिवशी तो आलाच नाही आणि त्यानंतरही कधी आला नाही.

पुढे १९९१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या कामासाठी मी त्या वाडीत गेलो. वाडीच्या पूर्वेला डोंगराचा उंच कडा. सकाळ बरीच वर आली होती; तरी घरे सावलीतच होती. त्या मुलाच्या आईने घोंगडी अंथरली, पाणी दिले. मुलगा मामाबरोबर मुंबईला कामाला गेल्याचे सांगितले. मी मान खाली घालून नोंदी करीत होतो. तेवढ्यात कड्यावरून ऊन उतरले आणि उंबऱ्याशी आले. तेथे शेणाने सारवलेल्या भुईत एक चपटा दगड पुरलेला होता. ती म्हणाली, “गुरुजी, ऊन ह्या दगडावर आलं की मी त्याला शाळंच्या वाटंला लावायची. आभाळ असलं तर अंदाजानं लवकरच धाडायची. आमच्याकडं कुठलं घड्याळ?”

मी माझ्या घड्याळात पाहिले. साडेनऊ वाजून गेले होते. ते ऊन भाद्रपदात कितीतरी आधी त्या दगडावर येत असणार आणि पौषात आणखी उशिरा. म्हणजे त्या मुलाने एकही दिवस आळस केला नव्हता. त्याच्या आईचे घड्याळ सूर्याबरोबर पुढेमागे होत होते. माझ्या शाळेचे होत नव्हते. एवढाच काय तो फरक होता. आणि तो फरक समजून घेण्यासाठी मला एकच प्रश्न विचारावा लागला असता. तो मी विचारला नव्हता.

उशिराच्या शिक्षेमुळेच त्याची शाळा सुटली, असे मी म्हणत नाही. घरची गरिबी होतीच. पण ज्या खिडकीतून तो महिनाभर फळा पाहत उभा होता, ती खिडकी आजही माझ्या नजरेसमोरून हलत नाही.

नात सारे ऐकून घेत होती. मग तिने विचारले, “त्याला तुम्ही सॉरी म्हणालात?”

“नाही,” मी म्हणालो. “तो मला पुन्हा भेटला नाही.”

ती काही बोलली नाही. तिने माझा हात धरला आणि आम्ही घरी परतलो. त्या संध्याकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी सूर्य मावळला. आकाश त्यानंतरही कितीतरी वेळ उजळ होते. मी खिडकीशी बसून राहिलो होतो. विलेट आणि वाडीतली ती माउली यांच्यात हजारो मैलांचे अंतर. पण दोघांचे म्हणणे एकच होते. ऋतूबरोबर सूर्य सरकतो, तेव्हा माणसानेही थोडे सरकावे. विलेटसाठी अखेर सबंध देशाने आपली घड्याळे पुढे केली. त्या माउलीच्या लेकरासाठी मला एक शाळाभर घंटा हलवायची नव्हती. फक्त वर्गाचे दार उघडे ठेवायचे होते.

मुलांनो, घड्याळ हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. तो पाळावा, वेळेवर यावे, दुसऱ्याला ताटकळत ठेवू नये. मी अजूनही माझे किल्लीचे घड्याळ रोज सकाळी जुळवून घेतो. पण करार माणसांसाठी असतो, ही गोष्ट मला एका पाडव्याने शिकविली. मी त्या सभागृहात एक तास उशिरा गेलो, तेव्हा एका लहान मुलीने माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती.

आज पुन्हा वर्गावर जाण्याची संधी मिळाली आणि एखादा मुलगा धापा टाकीत उशिरा दारात येऊन उभा राहिला, तर मी आधी त्याला आत घेईन, जागेवर बसवीन आणि मग हळूच विचारीन, “बाळ, तुझ्या दारात ऊन केव्हा येतं?”